दोघींची बादली

मित्रांनो, मुलींच्या वसतिगृहात जिन्याखाली एक कोपरा आहे. तिथे झाडू आहेत, फिनेलची बाटली आहे, पाय मोडलेली एक खुर्ची आहे आणि त्या सगळ्यांच्या मध्ये पोचे पडलेली एक लोखंडी बादली आहे. ती मी. जाता-येता तुम्ही मला पाहिलं असेल, पण नीट पाहिलं नसेल. नीट पाहिलं असतं तर माझ्या एका बाजूला हिरव्या रंगात काढलेली शिडी तुम्हाला दिसली असती. दुसऱ्या बाजूला नुसत्या खरवडल्याच्या रेघा आहेत. त्या रेघा कशा आल्या, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. बादलीला कोण विचारतो म्हणा! म्हणून आज न विचारताच सांगते. मनात ठेवून ठेवून गंज चढला आहे मला.

माझा जन्म बाजारामागच्या गल्लीत झाला. तिथे एक कारागीर दिवसभर पत्रा कापायचा, वाकवायचा आणि ठोकायचा. त्याने मला गोल केलं, बूड बसवलं, बुडाला कडं चढवलं, दोन कान जोडले आणि त्या कानांत कडी अडकवली. मग काठोकाठ पाणी भरून त्याने मला कोरड्या राखेवर ठेवलं. राख ओली झाली तर बादली गळकी, असा त्याचा हिशेब. माझ्याखालची राख कोरडी राहिली. त्याने मला बोटाने टिचकी मारली, आवाज ऐकला आणि शेजारच्याला म्हणाला, "ही कुणाला दगा द्यायची नाही." आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक ते. दगा म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण शब्द ऐकायला बरा वाटला.

तिथून मी भांड्यांच्या दुकानात आले आणि दाराशी टांगून राहिले. शेजारी प्लॅस्टिकच्या बादल्या होत्या. लाल, निळ्या, पिवळ्या. गिऱ्हाईक आलं की आधी त्यांच्याकडेच वळायचं. त्यांचा तोरा काय सांगू! अंगात वजन नाही, उन्हात ठेवलं तर तडकतात, पण मिरवण्यात पुढे. मी मात्र गप्प लटकून राहिले.

एके दिवशी दोन मुली दुकानात आल्या. एक इतकी उंच, की दारात टांगलेली मी तिच्या कपाळाला लागले. दुसरी तिच्या खांद्याला जेमतेम पोचणारी, गोल चेहऱ्याची, भिरभिरत्या डोळ्यांची. उंच मुलीने कपाळ चोळलं आणि हसून म्हणाली, "हीच घेऊ या. हिने आपणहून हाक मारली."

"अगं, पण जड आहे," बुटकी म्हणाली.

"दोघी मिळून उचलू."

दुकानदार म्हातारा होता. तो म्हणाला, "दोघींत एकच बादली? भांडाल गं पोरींनो."

"नाही भांडणार काका," बुटकी ठसक्यात म्हणाली. "आमच्या खोलीत दुसरी बादली ठेवायला जागाच नाही. भांडायलाही नाही."

दुकानदार हसला. त्याने मला खाली काढलं आणि फडक्याने पुसून त्यांच्या हाती दिलं. एकीने कडी इकडून धरली, दुसरीने तिकडून. एक उंच, एक बुटकी, त्यामुळे मी तिरकी झाले. बाजारातून वसतिगृहापर्यंत मी अशी तिरकीच गेले. पुढे माझ्यात पाणी असायचं तेव्हा ते नेमकं बुटकीच्या पायावर सांडायचं. "अगं, सरळ धर ना!" असं ती ओरडायची, आणि उंच मुलगी गुडघे वाकवून बदकासारखी चालून दाखवायची. मग दोघी हसायच्या आणि पाणी आणखीच सांडायचं.

वसतिगृहात खऱ्या नावाने कुणी कुणाला हाक मारत नसे. उंच मुलगी पहिल्याच आठवड्यात 'शिडी' झाली. माळ्यावरची बॅग काढायची असो की दिवा बदलायचा असो, तिलाच बोलावणं यायचं. बुटकी झाली 'खारू', कारण उशीखाली, पेटीत, पुस्तकांच्या मागे ती काही ना काही लपवून ठेवायची. शेंगदाणे, बिस्किटं, अर्धा चुरगळलेला चहाचा पुडा. लपवायची खरी, पण खाताना एकटीने कधी खाल्लं नाही. हे मी तिच्या बाजूने मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे तिच्या बाजूने सांगण्यासारखं फार उरत नाही.

आता वसतिगृहाचा एक कायदा तुम्हाला सांगायला हवा. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा कडक होता. अंगणात पाण्याचा एकच नळ होता आणि पाणी सकाळी थोडाच वेळ यायचं. मुली उठल्या की आपली बादली नळापासून रांगेत ठेवायच्या आणि परत जायच्या. कुणी केस विंचरायला, कुणी पाठांतराला, कुणी पुन्हा अंथरुणात. रांगेत बादल्या उभ्या राहायच्या. बादली उभी म्हणजे मुलगी उभी, हाच तो कायदा. पुढची बादली भरली की जवळ असेल तिने सगळी रांग एकेक जागा पुढे सरकवायची. दुसरीची बादली पुढे ढकलायला परवानगी होती. मागे ढकलायला किंवा रांगेतून उचलायला नव्हती. एका मुलीने एकदा हा कायदा मोडला, तर आठवडाभर तिच्याशी कुणी अवाक्षर बोललं नाही. ती बिचारी बडबडी होती. शेवटी भिंतीशी बोलायला लागली तेव्हा मुलींनी तिला माफ केलं.

त्या रांगेत मी दोघींच्या वतीने उभी असायची. माझा मान काही और होता. पण लोखंडी बादल्या आणखीही होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसायच्या. त्याच सुमारास रंगारी वसतिगृहाच्या खिडक्या रंगवत होता. डब्याच्या तळाशी उरलेला हिरवा ऑइलपेंट त्याने या दोघींना दिला. खारूने माझ्या एका बाजूला शिडी काढली. शिडीने दुसऱ्या बाजूला खार काढली, झुबकेदार शेपटीची, हातात शेंगदाणा धरलेली. चित्र असं काही सुरेख नव्हतं. खार मांजरासारखी दिसत होती आणि तिचा शेंगदाणा बटाट्याएवढा होता. तरी रंग वाळेपर्यंत दोघी मला खिडकीत ठेवून पाहत बसल्या. त्या दिवसापासून सगळं वसतिगृह मला 'दोघींची बादली' म्हणू लागलं.

मित्रांनो, ती माझी सुखाची वर्षं. मी त्यांचं पाणी आणलं, कपडे भिजवले, गरम पाण्याची वाफ सोसली. उपडी घातली की मी स्टूल व्हायची, आणि माझ्यावर बसून शिडी रसायनशास्त्राची सूत्रं पाठ करायची. खारूला एकदा सणसणून ताप भरला. तेव्हा शिडीने मला तिच्या कॉटशेजारी ठेवलं, माझ्यातल्या गार पाण्यात फडकं बुडवून तिच्या कपाळावर ठेवलं, आणि ताप उतरेपर्यंत ती कॉलेजला गेली नाही. "तुझे तास बुडतील गं," खारू पुटपुटायची. "बुडू देत, बादली आहे ना बुडवायला," शिडी म्हणायची. त्या वेळी खारूने तिचा हात इतका घट्ट धरला होता, की मला वाटलं, हा हात आता जन्मात सुटायचा नाही.

दोघींच्या घरचं मला सगळं ठाऊक होतं, कारण बोलणं माझ्या डोक्यावर बसूनच व्हायचं. शिडीच्या घरी तिच्याआधी कुणी मुलगी कॉलेजची पायरी चढली नव्हती. वडिलांची एकच अट होती. वसतिगृहात जागा आहे तोवर शिकायचं. जागा गेली की मुकाट्याने घरी यायचं. परगावी दुसरीकडे राहू देणार नाही. शिडीला प्रयोगशाळेत काम करायचं होतं. पांढरा कोट घालून आरशापुढे उभी राहायची आणि आरशात मान मावली नाही की खारूकडे पाहून म्हणायची, "शास्त्रज्ञ दिसते की खांब?" खारूला वडील नव्हते. तिचे मामा त्याच संस्थेच्या ऑफिसात मोठे कारकून होते. त्यांच्या शब्दावर तिची फी माफ झाली होती, आणि ही गोष्ट ते तिला विसरू देत नसत.

शेवटचं वर्ष आलं आणि नळाचं पाणी आटू लागलं. आधी धार बारीक झाली, मग करंगळीएवढी झाली, मग नुसता फुसफुस आवाज यायला लागला. कारण सगळ्यांना दिसत होतं. संस्थेने पाहुण्यांसाठी नवी इमारत बांधली होती आणि आमच्याच पाइपाला जोड देऊन पाणी तिकडे वळवलं होतं. पाहुणे कधीतरी यायचे, पण त्यांच्यासाठी लावलेलं हिरवंगार गवत रोज न्हायचं. इकडे मुली आंघोळीशिवाय वर्गात जायच्या. रेक्टरबाईंकडे तक्रार केली की त्या म्हणायच्या, "बघते." पुन्हा गेलं की म्हणायच्या, "सांगितलं ना, बघते." बघण्यातच महिना उलटला.

तेव्हा शिडीने एक युक्ती काढली. ती माझ्यावर बसूनच तिने सगळ्यांना सांगितली. "आपण वर्ग बुडवायचे नाहीत, घोषणा द्यायच्या नाहीत, काही नाही. सकाळी आपापली बादली घ्यायची आणि नळाऐवजी ऑफिसच्या व्हरांड्यात रांग लावायची. बादली उभी म्हणजे मुलगी उभी. आपण वर्गात, आणि रांगेतही. पाणी आल्याशिवाय कुणी आपली बादली उचलायची नाही. कबूल?"

"कबूल!" सगळ्या ओरडल्या. सगळ्यांत मोठा आवाज खारूचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हरांड्यात उभ्या राहिलो. पहिल्या पायरीपासून पार प्राचार्यांच्या दारापर्यंत. मी खांबाशी होते. शिडीची बाजू रस्त्याकडे, खारूची बाजू खांबाकडे. जन्मात प्रथमच मी त्या रंगीत प्लॅस्टिकवाल्यांना मनापासून आपलं म्हटलं. ऑफिसातली माणसं आमच्यातून वाट काढत जाताना अडखळत होती आणि गुमान पाय उचलून टाकत होती. मला हसू फुटत होतं. शिडीची त्या दिवशी प्रयोगाची परीक्षा होती. जाताना तिने माझी कडी सरळ केली आणि खारूला म्हणाली, "मी दुपारनंतरच सुटेन. तोवर आपल्या बादलीकडे बघ हं."

"जा तू निर्धास्त," खारू म्हणाली.

मित्रांनो, ते 'निर्धास्त' मी अजून विसरले नाही.

खारू माझ्या कडीवर हात ठेवून उभी होती, तेवढ्यात ऑफिसच्या दारातून मामा बाहेर आले. चष्मा कपाळावर, हातात पेन. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली आणि तिच्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "यात तुझी बादली आहे?"

खारूचा हात माझ्या कडीवरून असा उडाला, जसा तापल्या तव्यावरून उडावा.

"नाही मामा."

"नक्की?"

"माझी प्लॅस्टिकची आहे. खोलीत आहे."

"बरं आहे मग. वर चौकशी सुरू झाली आहे. ज्या पोरी यात आहेत त्यांचं काही खरं नाही. तुझी फी कुणाच्या तोंडाकडे बघून माफ झाली ते लक्षात ठेव. मला खाली मान घालायला लावू नकोस."

"नाही लावणार मामा."

मामा आत गेले. मी तिथेच होते. ती मात्र माझ्याकडे न पाहता निघून गेली. मला राग आला नाही. घाबरली असेल, म्हटलं. मामा समोर उभे असताना कुणाचीही बोबडी वळेल. सावरली की येईल.

थोड्या वेळाने रेक्टरबाई व्हरांड्यात आल्या. त्यांनी शिपायाला स्टुलावर बसवलं आणि वर्गावर्गांतून निरोप पाठवला. दुपारची घंटा होईपर्यंत जी मुलगी येईल, माफी मागेल आणि आपली बादली उचलून नेईल, तिला काही होणार नाही. घंटेनंतर जी बादली उरेल, तिच्या मालकिणीने वसतिगृह सोडायचं. हा निरोप प्रयोगशाळेत गेला नाही. परीक्षा चालू असताना तिथे कुणाला सोडत नसत.

पहिली मुलगी आली ती रडतच आली. "चुकलं मॅडम," म्हणाली आणि निळी बादली घेऊन पळाली. मग दुसरी आली. मग दोघी-तिघी एकदम. "चुकलं मॅडम." "पुन्हा नाही मॅडम." "मला तर माहीतच नव्हतं मॅडम, सगळ्यांनी ठेवली म्हणून ठेवली." रांग विरळ होत गेली. एक सांगू? आमचा कायदा त्या दिवशीही कुणी मोडला नाही. दुसरीच्या बादलीला एकीनेही हात लावला नाही. जिने-तिने फक्त आपली तेवढी उचलली. काल गळे फाडून 'कबूल' म्हणणाऱ्या त्याच मुली! कायदा शाबूत राहिला आणि मी एकटी पडले.

तरी मला धीर होता. शिडीला निरोप कळलेला नाही, पण खारूला कळला आहे. ती येईल, फार तर एकदा "चुकलं मॅडम" म्हणेल, थोडा अपमान होईल, पण मला उचलेल. मी दोघींची आहे. एकीने उचललं तरी दोघी सुटतील.

आणि ती आलीच. रेक्टरबाई जेवायला गेल्या होत्या. ऑफिसही जेवणासाठी बंद होतं. शिपाई स्टुलावर भिंतीला डोकं टेकून पेंगत होता. खारू खांबाच्या आडून आली आणि माझ्याशेजारी उकिडवी बसली, चपलेचा पट्टा नीट करायला बसावं तशी. मला इतका आनंद झाला! वाटलं, आता ही कडी धरेल.

तिने कडी धरली नाही. तिने केसांतली पिन काढली, माझ्या खांबाकडच्या अंगाला टेकवली आणि खरवडायला लागली.

आधी शेपूट गेली. मग कान. मग तो बटाट्याएवढा शेंगदाणा. हिरव्या रंगाच्या कपच्या तिच्या मांडीवर पडत होत्या आणि ती त्या झटकत होती. केसाने गळा कापणं म्हणतात ना? माझा तिने केसांतल्या पिनेने कापला. पत्र्यावर पिनेचा किर्र किर्र आवाज होत होता. शिपाई जागा होईल म्हणून ती मध्येच थांबायची, इकडे-तिकडे पाहायची आणि पुन्हा सुरू करायची. सगळी खार गेल्यावर तिने पदराने जागा पुसली आणि ती उठली. शिडीचं चित्र तिने तसंच ठेवलं. ते तर तिने स्वतःच्या हाताने काढलेलं होतं.

मित्रांनो, तिने मला उचलून नेलं असतं तर मामांपुढे तिचं खोटं उघडं पडलं असतं, हे मला कळतं. मला लाथ मारून नाल्यात ढकललं असतं, तरी एक वेळ मी समजून घेतलं असतं. त्याने निदान दोघीही वाचल्या असत्या. पण तिने मला तिथेच ठेवलं, आणि मैत्रिणीचं तेवढं चित्र माझ्या अंगावर शिल्लक ठेवलं. हे मला आजही कळत नाही. की कळतं, पण मानवत नाही, कोण जाणे.

घंटा झाली. रेक्टरबाई आल्या, मामा आले, वर्ग सुटल्यामुळे मुली जमल्या. व्हरांड्यात मी एकटी. बाईंनी बोट दाखवून विचारलं, "ही बादली कुणाची?"

मुली एकमेकींच्या मागे सरकल्या. खारू मामांच्या मागे उभी होती. तेवढ्यात पांढरा कोट घातलेली शिडी प्रयोगशाळेकडून धावत आली. परीक्षा चांगली गेली असावी, चेहरा फुलला होता. तिने रिकामा व्हरांडा पाहिला, मला पाहिलं, आणि पायरीवरच थबकली.

"ही बादली कुणाची?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"आमची," शिडी म्हणाली.

"आमची म्हणजे कुणाची?"

शिडीने खारूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मामांनीही मान वळवली.

"माझी नाही मॅडम," खारू म्हणाली. आवाज तिचाच होता का, अशी मला शंका आली. "तिची आहे. बघा ना, तिचंच चित्र आहे वर."

शिडी हसली. तिला खरंच वाटलं असावं की खारू घाबरून काहीतरी बोलते आहे. ती माझ्याजवळ आली, "अगं, असं काय करतेस?" म्हणत तिने मला खांबापासून फिरवलं, सगळ्यांना खार दाखवायला.

तिथे रेघा होत्या.

ती वाकलेलीच राहिली. तिने रेघांवरून बोट फिरवलं. बुडाच्या कड्यावर हिरव्या रंगाची एक कपची अडकली होती, ती तिने नखाने काढली आणि तळहातावर घेतली. मी ओरडू पाहत होते. लोखंडाची असून त्या वेळी माझ्या तोंडून साधा ठण्ण आवाज निघाला नाही. एक शब्द पुरला असता. सगळ्या वसतिगृहाला माहीत होतं मी कुणाची ते. व्हरांड्यातल्या प्रत्येक मुलीने मला रोज रांगेत पुढे सरकवलं होतं, 'दोघींची, दोघींची' म्हणत. एकीनेही तोंड उघडलं नाही.

शिडी सरळ उभी राहिली. तिने खारूकडे पाहिलं नाही. कपची मुठीत बंद केली आणि म्हणाली, "हो मॅडम. माझीच आहे."

मग तिने मला उचललं आणि खोलीकडे चालू लागली. मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच मला एकटीने कुणी नेलं. मी अजिबात तिरकी झाले नाही. अगदी सरळ गेले, आणि त्या सरळपणाचं मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू.

तिला न्यायला तिचा दादा आला. त्याने वळकटी बांधली, पुस्तकांची पेटी खांद्यावर घेतली. पांढरा कोट शिडीने घडी करून पेटीत सगळ्यांत खाली ठेवला. खारू खोलीत नव्हती. सामान निघेपर्यंत ती कुठे लपली होती कोण जाणे, लपवण्यात आणि लपण्यात ती पहिल्यापासूनच हुशार.

दादाने दारात मागे वळून विचारलं, "बादली घ्यायची का गं?"

"नको," शिडी म्हणाली. "ती दोघींची आहे."

एवढं बोलून ती चौकटीखाली वाकली आणि गेली. लेखी परीक्षा व्हायची होती. त्या वेळी ती आली नाही. पुढे तिचं काय झालं, ती कुठल्या प्रयोगशाळेत पोचली की नाही, मला माहीत नाही. मला सांगायला कोण येणार?

आणि गंमत ऐका. थोड्याच दिवसांत नळाला पाणी आलं. बादल्यांची ती रांग म्हणे कुणा मोठ्या पाहुण्याने पाहिली होती आणि संस्थेची अब्रू जाते की काय असं झालं. पाइपाचा तो जोड काढला. धो धो धार लागली. मुली भरपूर न्हाल्या, केस वाळवत आमच्या खोलीच्या खिडकीशी बसल्या आणि म्हणाल्या, "आपण पाणी आणलं बाई!" आपण! मी खारूच्या कॉटखाली पडल्या पडल्या ते ऐकत होते. त्या गप्पांत शिडीचं नाव कुणी काढलं नाही.

खारूने मला पुन्हा कधी वापरलं नाही. ती लाल प्लॅस्टिकची बादली घेऊन आली. मामांना जे सांगितलं होतं, ते तिने शेवटी खरं करून दाखवलं. वर्ष संपलं, ती गेली आणि मी खोलीत राहिले. मग झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला बाहेर काढलं आणि माझ्यात फरशी पुसायचं पाणी भरलं. मावशी वाईट नव्हत्या. कडी किरकिरली की त्यात तेलाचा थेंब सोडायच्या आणि "कुरकुरू नकोस गं, मी तरी कुठे कुरकुरते?" असं दटावायच्या. त्या गेल्या, दुसऱ्या आल्या. मला पोचे पडले, बूड झिजलं. कान मात्र अजून शाबूत आहेत. म्हणूनच परवाचं बोलणं ऐकावं लागलं.

परवा नव्या मुलींचे प्रवेश होते. जिन्यापाशी पेट्या, गाद्या, आया, वडील अशी गर्दी उडाली होती. एक मुलगी माझ्यापाशी येऊन थांबली. गोल चेहरा, भिरभिरते डोळे. मला धस्स झालं. ती खाली बसली आणि माझ्यावरची धूळ तिने हाताने पुसली.

"आई, हे बघ! बादलीवर कुणीतरी शिडी काढलीये. किती गोड आहे! आणि इकडे पण काहीतरी होतं. कुणीतरी खरवडलंय."

तिची आई पुढे आली. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता, पण ती खारूच होती. ती वाकली. माझ्याकडे पाहण्याआधीच तिचा हात माझ्या दुसऱ्या बाजूला गेला आणि अचूक त्या रेघांवर थांबला. मला वाटलं, आता. इतक्या वर्षांनी का होईना, आता ही बोलेल. इथे ना मामा आहेत, ना रेक्टरबाई आहेत. विचारणारी हिचीच मुलगी आहे.

"तू याच होस्टेलला होतीस ना गं? कुणाची होती ही बादली?"

खारूने हात काढून घेतला. रुमालाने बोटं पुसली, एकेक करून.

"कुणास ठाऊक," ती म्हणाली. "किती मुली होत्या तेव्हा. असेल कुणाची तरी."

"मी घेऊ वापरायला? माझी रूममेट म्हणाली, आपण दोघींत एकच ठेवू, जागा कमी आहे."

"मुळीच नको," खारू एकदम जोरात म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला नवी घेऊन देते. स्वतःची, वेगळी. कुणाबरोबर वाटून घेत जाऊ नकोस, कळलं? लोकांचा काही भरवसा नसतो."

मुलीने मान हलवली. दोघी जिना चढून गेल्या. मी आपली तशीच, झाडू आणि फिनेलच्या मध्ये.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी काहीतरी मागतात. आम्हाला घासूनपुसून ठेवा, भंगारात टाकू नका, असं म्हणतात. माझं तसं काही मागणं नाही. पत्रा आहे मी, आज ना उद्या भंगारात जाणारच. माझी एकच विनंती आहे. कधी भरल्या व्हरांड्यात कुणी बोट दाखवून विचारेल, "ही कुणाची?" समोर मामा असतील, बाई असतील. तरी ती गोष्ट तुमची असेल, अर्धी का होईना, तर एक पाऊल पुढे या आणि "माझीही आहे" एवढं म्हणा.

आणि जिना चढून वर गेलात, तर त्या गोल चेहऱ्याच्या मुलीला माझा एक निरोप द्या. तिला सांगा, जिन्याखालच्या बादलीवर जिथे रेघा आहेत ना, तिथे एक खार होती. तुझ्या आईची.